‘जाते’ म्हणणारी बाई

मार्थाबाई कोणाच्याही घरून निघाली की ‘जाते’ म्हणायची. चपला पायात सरकवता सरकवता, पदर डोक्यावर घेत, “बरं, जाते मी.” घरातली म्हातारी माणसं कानावर हात ठेवायची. “अवं बाई, येते म्हन. जाते काहून म्हनते?” त्यावर तिचं ठरलेलं उत्तर होतं. “येनं काय माह्या हातात हाय? जानं तेवढं पायात हाय. खोटं कशाले बोलू?”

काही लोक हसायचे, काही चिडायचे. मी चिडणाऱ्यांतला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे लिहिणार आहे त्यात माझी बाजू कुठंच चांगली नाही.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मंडळीच्या अंकासाठी मार्थाबाईवर लिहून मागितलं. म्हणाले, तीस वर्षं शेजारी तुम्ही राहिलात, तुम्हीच लिहा. मी म्हटलं, साहेब, मी सातवी नापास, कूलर दुरुस्त करणारा माणूस. ते म्हणाले, जसं बोलता तसं लिहा. त्यांना वाटलं असेल की मी दोन चांगल्या गोष्टी लिहीन आणि खाली ‘प्रभूत निजली’ असं लिहून मोकळा होईन. तसं होत नाही. उपासनेत उभं राहून मला हे सांगता आलं नसतं, म्हणून कागदावर सांगतो. छापायचं की नाही ते त्यांनी पाहावं.

अमरावतीत बडनेऱ्याच्या रस्त्याकडे आमची वस्ती. चर्चच्या मागच्या बोळात दहा-बारा घरं आम्हा ख्रिस्ती लोकांची, त्यापुढं माळ्यांची घरं, दारात भाजीच्या हातगाड्या. मार्थाबाईच्या दोन खोल्या आणि माझ्या दोन खोल्या यांच्यामध्ये एकच भिंत. तिनं तिकडून खिळा ठोकला की इकडं आमचं कॅलेंडर पडायचं. तरुणपणी ती परतवाड्याकडे एका मिशनच्या दवाखान्यात दाई होती. मेळघाटातल्या कितीतरी बाया तिच्या हातानं मोकळ्या झाल्या. नवरा लग्नाच्या दुसऱ्या वर्षी गेला. यापलीकडं मला तिचं काही माहीत नाही. ती मागचं बोलायची नाही.

बुटकी, रुंद, काळी बाई. एका कानाची पाळी फाटलेली. चालताना टाचा अशा आपटायची की बोळात कोण आलं ते न पाहता कळायचं. गळा म्हणाल तर उपासनेत गीत सुरू झालं की पेटीवाला आपला सूर सोडून तिच्या मागं धावायचा. आणि तपकीर ओढायची. चर्चमध्ये सुद्धा, मान खाली घालून, प्रार्थनेच्या वेळेस. आधीचे एक पाळक फार कडक होते. ते एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, “मार्थाबाई, स्वर्गात तपकीर मिळणार नाही.” बाई म्हणाली, “म्हनून तं इथी ओढून घेते, साहेब.”

विधवा बाईनं पोपटी साडी नेसू नये असं आमच्या मंडळीत कुठं लिहिलेलं नाही, पण नेसत कोणी नाही. ती नेसायची. नाताळात मंडळीनं साडी दिली की त्याच दुपारी घडी मोडून, नेसून, गवार आणायला बाजारात. ठेवणीतलं असं तिच्याकडं काहीच नव्हतं. आमच्या घरी होतं. माझ्या बायकोनं, सुमननं, माहेरून आणलेले सोनेरी काठाचे सहा कप वीस वर्षं कपाटात उलटे ठेवले होते. मार्थाबाईनं एक दिवस ते पाहिले.

“कोनासाठी ठेवले?”

“कोनी चांगलं पाहुनं आलं तं,” सुमन म्हणाली.

“म्हंजे वीस वर्सात तुह्या घरी एकबी चांगला मानूस नाही आला? मी रोज येते, पोरी.”

सुमन इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. त्याच दिवशी कप निघाले. महिन्याभरात दोन फुटले. मी आरडाओरडा केला. मार्थाबाई भिंतीपलीकडून ओरडली, “मिस्त्री, फुटला तो कप. तुमी काहून फुटून राहिले?”

मला ती सगळे म्हणतात तसं ‘मिस्त्री’ म्हणायची. मी नावाचाच ख्रिस्ती. नाताळ आणि पुनरुत्थानाचा रविवार सोडला तर चर्चची पायरी मी फक्त पंखे दुरुस्त करायला चढलो. माझ्या मते स्वर्ग म्हणजे पेन्शन. नोकरी संपली की बघू, तोवर त्याचा विचार कशाला? एकदा चैत्रात मी अंगणात कूलरच्या बाजूच्या ताट्यांमध्ये नवं गवत भरत बसलो होतो. ती आली, उभी राहिली.

“देवळात काहून नाही येत तुमी?”

“वरचं वर गेल्यावर पाहू, बाई. सध्या सीझन हाय.”

“सार्वकाळ सार्वकाळ म्हनतो आपन प्रार्थनेत, त्याचा अर्थ काय वाटते तुमाले?”

“मेल्यावर चालू होते तो. कधी संपत नाही.”

“मेल्यावर चालू होते असं कोन सांगितलं? तो आज सकाळीच चालू झाला. तुमी झोपले होते.”

असं बोलून तपकीर ओढून ती निघून जायची. माझं गवत हातात राहायचं. तेव्हा मला वाटायचं, बाईला टोमणा मारायची सवय आहे. आता वाटतं की ती मला खरोखरच काही सांगत होती, पण टोमण्याशिवाय मला ऐकू येत नव्हतं.

एका वर्षी तिच्या घरमालकानं दिवाळीपर्यंत खोल्या खाली करायला सांगितलं. मार्थाबाईनं काय करावं? अंगणात सीताफळाचं रोप लावलं. मी म्हटलं, “दोन महिन्यांत निघायचं, आन झाड लावता? तुमी तं म्हनता आपलं खरं घर वर हाय. मंग हे काहून?”

“वर चांगलं घर हाय म्हनून इथलं घान ठेवून जाऊ?” ती म्हणाली. “मागून येनारीले सीताफळ आवडत असंन.”

मालकानं पुढं तिला काढलं नाही. झाड पाहून त्याचं मन वळलं वगैरे असं काही नाही, त्याला नवा भाडेकरू मिळाला नाही इतकंच. सीताफळं पुढं आम्हीच खाल्ली.

आता तुळशीरामबुवांचं सांगतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बुवा म्हणजे आमच्या पुढच्या माळ्यांच्या घरातलं म्हातारं माणूस. जन्मभर वांगी, मेथी, पेरू विकले. शेवटाला लागले होते. त्यांच्या खोलीतल्या कूलरची मोटर जळाली म्हणून मी तिथं खाली बसून वायर जोडत होतो. खाटेभोवती मुलं, सुना, जावई. प्रत्येक जण वाकून वाकून सांगत होता, “काही नाही होत, बाबा. पुढच्या आठवड्यात गाडीवर बसायचं हाय तुमाले.” बुवा डोळे मिटून पडले होते. तेवढ्यात बोळात टाचा वाजल्या. मार्थाबाई आली, खाटेच्या कडेला बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि सरळ विचारलं, “बुवा, भेव वाटते का?”

मोठा मुलगा लालबुंद. मी वायर धरून तसाच.

बुवांनी डोळे उघडले. “भेव नाही वाटत,” म्हणाले. “पन हे सारे खोटं बोलून राहिले नं, त्याचा लय कटाळा आला.”

“काही राह्यलं का करायचं?”

“पेरू खायचा हाय. डाक्टरनं बंद केला.”

मार्थाबाईनं मोठ्या मुलाला बाहेरच्या गाडीवरून पिकलेला पेरू आणायला लावला. दात नव्हते म्हणून चमच्यानं खरवडून भरवला. बुवांनी दोन चमचे खाल्ले, तोंड वाकडं केलं आणि मुलाला म्हणाले, “गोड नाही रे. कलम कुठून आनली होती ही?” झालं. तिथून बाप-लेक बोलायला लागले. कोणत्या वाफ्यात काय लावायचं, विहिरीवरून धाकट्याशी भांडायचं नाही, आईला माहेरी कधी पाठवायचं. चार दिवस ते घर बोलत होतं. मग बुवा गेले.

ती आपल्या देवाबद्दल त्यांच्याशी काही बोलली नाही, हेही सांगतो. मी नंतर तिला त्यावरून छेडलं होतं, बाई, इतकी चांगली संधी सोडली. ती म्हणाली, “त्यायनं विचारलं असतं तं सांगितलं असतं. त्यायनं पेरू मागितला.”

घरी येऊन मी हे सुमनला सांगितलं. म्हटलं, काय बाई आहे, मरणाऱ्या माणसाला असं तोंडावर विचारतात का! सुमन भाकरी थापत होती. थांबली नाही. म्हणाली, “मले विचारलं तं चालंन.”

मी ऐकलं आणि सोडून दिलं. तेव्हा ती ठणठणीत होती.

मागच्या वर्षी शिमग्यानंतर सुमनचं पोट दुखायला लागलं. अमरावतीतून नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरनं मला वेगळ्या खोलीत बोलावून सांगितलं की आता काही करता येण्यासारखं नाही, घरी न्या. मी बाहेर आलो. सुमन बाकड्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. “काय म्हने डाक्टर?” मी म्हटलं, “पोटात अल्सर हाय. औषध दिलं, दोन महिन्यांत बरी होशील.”

ती माझ्याकडं पाहत राहिली. मग म्हणाली, “बरं.”

घरी आल्यावर मी तिची खाट खिडकीपाशी लावली. अर्ध्या खिडकीत कूलर बसवला, अर्धी उघडी, गजाची. सगळं मी करत होतो. पेज, औषध, कपडे, सगळं. आल्यागेल्यासमोर मी अल्सरच म्हणायचो, आणि कोणी तोंड पाडून आलं तर मी दारातूनच परत पाठवायचो. मार्थाबाई रोज यायची. बसायची, पाय चेपायची, हळू आवाजात गीत म्हणायची, तिला जमेल तेवढ्या हळू. जाताना तेच. “जाते, सुमन.”

एक दिवस मी आतून पाणी घेऊन येत होतो आणि माझ्या कानावर पडलं. मार्थाबाई विचारत होती, “सुमन, काही राह्यलं का पोरी?”

मला बुवांची खोली आठवली. पेरू आठवला. मी तांब्या तिथंच आपटला. म्हटलं, “बाहेर व्हा. माही बायको मरून नाही राहिली.” ती उठली. दारात चपला घालताना सवयीनं तिच्या तोंडून निघालंच, “जाते.” मग मात्र माझा ताबा गेला. इथं लिहू शकत नाही असं मी त्या बाईला बोललो. अपशकुनी म्हटलं. नवऱ्याला खाल्लं म्हटलं. मी, येशूच्या नावानं बाप्तिस्मा झालेला माणूस, एका शब्दाला भ्यालो आणि त्या भीतीपायी एका म्हाताऱ्या बाईच्या मेलेल्या नवऱ्याला मधे आणलं. तिनं ऐकून घेतलं आणि गेली.

सुमन खाटेवरून हे ऐकत होती का? मी स्वतःला सांगितलं, तिला ग्लानी आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला जाताना दाराला बाहेरून कुलूप घालायला लागलो. वैशाखातले दिवस, कूलरचं काम. दोन-तीन तास बाहेर जावंच लागायचं. कुलूप कोणासाठी ते मला माहीत होतं. घरात उठू न शकणारी बाई, आणि मी बाहेरून कुलूप घालतो. हे लिहिताना हात थांबतो आहे, पण लिहितो.

संध्याकाळी मी आलो की सुमन विचारायची, “मार्थाबाई काहून नाही आली?”

मी म्हणायचो, “अकोल्याले गेली. भाचीकडं.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा. “मार्थाबाई नाही आली?”

“सांगितलं नं तुले. अकोल्याले हाय.”

असं रोज. मला वाटायचं, दुखण्यानं तिच्या लक्षात राहत नाही. मी दर वेळेला तेच खोटं आणखी सजवून सांगायचो. भाचीचं पोरगं आजारी आहे. बाईचा पाय मुरगळला. मूर्तिजापूरजवळ रस्ता बंद आहे. सुमन ऐकायची आणि माझ्याकडं पाहत राहायची, त्या नागपूरच्या बाकड्यावरच्यासारखी. मग “बरं” म्हणायची आणि भिंतीकडं तोंड करायची.

ती गेली त्या दिवशी सकाळचे सात वाजले असतील. मी तिला चमच्यानं चहा पाजत होतो. तिनं मान हलवली, चहा नको. माझं मनगट धरलं. स्पष्ट म्हणाली, “जाते मी.”

मी म्हटलं, “येते म्हन.”

ती काही बोलली नाही.

मी पुन्हा म्हटलं. जोरानं. तिचा खांदा धरून. “सुमन, येते म्हन!”

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, “येते.”

त्यानंतर ती बोलली नाही. दहाच्या आत सगळं संपलं. चाळीस वर्षं माझ्याशी खरं बोललेल्या बाईकडून शेवटचा शब्द मी खोटा वदवून घेतला.

मातीला सगळी मंडळी आली. मार्थाबाई पण आली. माझ्याजवळ आली नाही, मागं उभी राहिली. गीत सुरू झालं तेव्हा तिचा आवाज सगळ्यांच्या वर गेला, पेटी नव्हती तरी. मी वळून पाहिलं नाही. पुढं पंधरा दिवस जो भेटायला यायचा तो म्हणायचा, “मिस्त्री, सेवा करावी तं तुमच्यावानी.” मी मान खाली घालायचो. लोकांना वाटायचं दुःखानं.

पाऊस लागायच्या आत मार्थाबाई खरोखरच अकोल्याला गेली, भाचीकडं. पायाला सूज, डोळ्यांना दिसेना, एकटं राहणं जमेना. माझं खोटं तिनं महिन्याभरात खरं करून दिलं. टेम्पोत सामान चढताना मी खिडकीतून पाहिलं. बाहेर गेलो नाही.

सहा महिने मी स्वतःशी भांडलो. दिवाळी झाली, थंडी पडली. धंदा बंद, दिवसभर घरात. शेवटी एका सकाळी मी एसटीत बसलो. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव. माफी कशी मागायची याची वाक्यं जुळवत होतो आणि अकोला येईस्तोवर सगळी विसरलो.

दार भाचीनं उघडलं. शालिनी तिचं नाव, शाळेत शिपाई आहे. मी कोण ते सांगितलं. तिनं मला आत घेण्याआधी दार मागं ओढलं आणि हळूच म्हणाली, “काका, आत्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. डाक्टर म्हनते, होळीपावतर. आमी तिले सांगितलं नाही. सूज हाय, उतरून जाईन, असं म्हटलं. तुमी काही बोलू नका, हां.”

मी मान डोलावली. आरशात पाहावं तसं झालं मला.

मार्थाबाई मागच्या अंगणात उन्हात खाटेवर बसली होती. पुढ्यात सूप, त्यात तुरीच्या शेंगा. डोळे पांढरट झालेले, बोटांनी चाचपून सोलत होती.

“कोन हाय?”

“मी. मिस्त्री. अमरावतीचा.”

“कूलर चांगला हाय आमचा,” ती म्हणाली. “आन हिवाळा हाय. बसा.”

मी बसलो. तिनं सूप मधे सरकवलं. मी सोलायला लागलो. बराच वेळ दोघंही शेंगा सोलत होतो. मग मी बोललो. कसं बोललो ते आठवत नाही. शिव्या दिल्याचं बोललो, कुलपाचं बोललो. “सुमन रोज विचारायची तुमचं. मी तिले खोटं सांगितलं, तुमी अकोल्याले गेल्या म्हनून. तुमी आल्या नाही असं समजूनच ते गेली.”

“कोन म्हनते आली नाही?” मार्थाबाई म्हणाली.

मी पाहत राहिलो.

“रोज येत होती मी. दारी कुलूप, पन खिडकी तं होती. कूलरच्या बाजूची. तुमची सायकल बोळातून गेली की मी खिडकीशी उभी राहू. गजातून हात जाये. पानी पाजत होती, केस विंचरून देत होती.”

तेव्हा मला वेणी आठवली. संध्याकाळी मी यायचो तेव्हा सुमनची वेणी घातलेली असायची. पेलाभर पाणी उचलता न येणारी बाई, आणि मी एकदाही विचार केला नाही की ही वेणी कोण घालते.

“मंग मले रोज काहून विचारत होती ते? मार्थाबाई काहून नाही आली म्हनून?”

तिनं एक शेंग सोलून संपवली. “मी बी विचारलं तिले. तं म्हने, बाई, ते खरं सांगतीन एखाद्या दिवशी. मी रोज दार उघडून देते त्यायले. खोटं घेऊन ते मागं राह्यले तं त्यायले लय जड जाईन.” थांबून म्हणाली, “तिले सारं ठाऊक होतं. नागपूरच्या बाकड्यावरच समजलं म्हने, तुमचं तोंड पाहून.”

मी विचारलं, “काय बोलत होत्या तुमी खिडकीत?”

“तिचं जायचं. आन पोरीचं.”

आम्हाला एक मुलगी झाली होती. हे मी इथवर लिहिलं नाही, कारण चाळीस वर्षांत मी ते कुठंच काढलेलं नाही. अकरा दिवस जगली. तिला पुरून आल्यावर मी सुमनला सांगितलं की या घरात आता हा विषय नको. तिनं पाळलं. मला वाटलं होतं, ती विसरली.

“मले म्हने,” मार्थाबाई सांगत होती, “तिथी माही पोरगी मले वळखीन का? मी म्हटलं, तू वळखशील नं, मंग झालं. रोज थोडं थोडं बोले. त्या पोरीसाठी शिवलेलं झबलं कोनतं होतं, कानामागं तीळ होता. हे तिले तुमच्याशी बोलायचं होतं, मिस्त्री. मी तं नुसती तुमच्या जागी होती.”

मग मी ते पण सांगितलं, जे कोणालाच सांगितलं नव्हतं. शेवटचा ‘येते’. मी तिच्याकडून कसं वदवलं ते.

मी वाट पाहत होतो की ती म्हणेल, जाऊ द्या, तुम्ही प्रेमापोटी केलं. सगळे तसंच म्हणाले असते. मार्थाबाईनं पांढरट डोळे माझ्याकडं वळवले.

“वाईट केलं तुमी,” ती म्हणाली.

सहा महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी कोणी खरं बोललं. मी तिथं, त्या शेंगांच्या सालांमध्ये, रडलो. तिनं रडू दिलं. पाठीवर हात ठेवला नाही.

“माफ करा मले,” मी म्हटलं.

“माहं केलं, त्याच दिवशी. माही माफी मोठी नाही. तिले भेटसान तवा तिले मांगजा. आन मांगायच्या आधी शिकून घ्या.”

“काय शिकू?”

ती बोटांनी सुपात चाचपत राहिली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “मिस्त्री, शालिनीनं दारात काय सांगितलं तुमाले? कुजबूज ऐकली मी. डोये गेले, कान नाही गेले.”

स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. मला शालिनीचा चेहरा दिसत होता. पोरीनं विनवून सांगितलं होतं. आणि बाकड्यावर पिशवी घेऊन बसलेली सुमनही दिसत होती.

“किती दिवस म्हने डाक्टर?” मार्थाबाईनं विचारलं.

सूज आहे, उतरेल, हे शब्द जिभेवर तयार होते. चाळीस वर्षांची सवय आहे माझी.

“होळीपावतर,” मी म्हटलं. “किडन्या गेल्या दोन्ही.”

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. क्षणभर तिचा चेहरा उतरला. हे सांगायलाच पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल तिला काहीच वाटलं नाही. मग तिनं कनवटीची डबी काढली, चिमूट नाकाशी नेली, आणि ओढायची राहून गेली.

“भेव वाटते का, बाई?” मी विचारलं. हे माझ्या तोंडून निघालं.

“थोडं वाटते,” ती म्हणाली. “बरं झालं विचारलं.” आणि मग आत तोंड करून, तिच्या त्या आवाजात, “शालिनी! इकडं ये, पोरी. ते भांडे राहू दे.”

शालिनी हात पुसत आली. आत्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि तिला समजलं. “काका, मी तुमाले सांगितलं होतं नं!” ती माझ्या अंगावर ओरडली. “काय मिळालं तुमाले?” मार्थाबाईनं हवेत हात फिरवून तिचा पदर शोधला, धरला आणि खाली ओढून तिला खाटेवर बसवलं. “त्यायले नको बोलू. मी विचारलं. रडून घे आधी. मंग मले तुह्याशी लय बोलायचं हाय.”

मी उठलो. कोणी मला बस म्हटलं नाही, चहा विचारला नाही, आणि ते बरोबरच होतं. मार्थाबाई होळीच्या आठ दिवस आधी गेली. निरोप आला तेव्हा मी तापानं पडलो होतो, मातीला जाता आलं नाही. म्हणून मी तिला शेवटचं पाहिलं ते अकोल्याच्या त्या अंगणातच. फाटकाशी पोचल्यावर मागं वळलो तर शालिनी आत्याच्या खांद्यावर डोकं घासत काहीतरी सांगत होती, मोठमोठ्यानं, तक्रार केल्यासारखं, लहानपणचं काही असेल. आणि मार्थाबाई तोंड थोडं उघडं ठेवून, डोळे कुठंतरी लावून, तिचं एक एक ऐकत होती.